सुपाच्या नावातले कुलिंजन

नारळाच्या रसात कोंबडी शिजवून केलेल्या ज्या थाई सुपाची कृती आज घरोघरी ‘वीस मिनिटांत’ म्हणून केली जाते, त्याचे मूळ नाव ‘तोम खा गै’ असे आहे. ‘तोम’ म्हणजे उकळणे, ‘खा’ म्हणजे कुलिंजन आणि ‘गै’ म्हणजे कोंबडी. हॉटेलांच्या मेनूवर रोमन लिपीत छापलेला हा शेवटचा शब्द मराठी माणूस ‘गाय’ असा वाचतो आणि क्षणभर थबकतो. त्याचा गोमांसाशी काहीही संबंध नाही. लक्षात घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. ज्या नारळासाठी हे सूप जगभर ओळखले जाते, त्या नारळाचा नावात उल्लेखच नाही. नावात आहे ते कुलिंजन, आणि झटपट कृतींमध्ये सर्वांत आधी गळते तेही कुलिंजनच. हे असे का झाले, हे समजून घ्यायचे तर या पदार्थाचा गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांचा प्रवास पाहावा लागतो.

कुलिंजन हे आल्याच्या कुळातले कंदमूळ आहे. दिसायला ते आल्यासारखेच असते, मात्र त्याची साल अधिक फिकट व गुळगुळीत असते, तिच्यावर गोल कड्या दिसतात आणि जून कंद इतका कठीण असतो की साधी सुरी त्यात अडकून बसते. कापल्यावर येणारा वास आल्याचा नव्हे. त्यात कापूर, मिरे आणि लिंबाच्या सालीची आठवण एकत्र असते. महाराष्ट्राला ही वस्तू परकी मुळीच नाही. काष्ठौषधींच्या दुकानात ‘कुलिंजन’ किंवा ‘कोळिंजन’ म्हणून जे वाळलेले, तांबूस, गाठाळ तुकडे मिळतात, ते याच वनस्पतीचे किंवा तिच्या लहान जातभाईचे असतात. घसा बसला की गायक त्याचा तुकडा दाढेत धरतात. कुलिंजन, अरबी ‘खुलंजान’ आणि युरोपीय भाषांमधला ‘गॅलंगल’ हे एकाच गोतावळ्यातले शब्द असून त्यांचे मूळ दक्षिण चीनमधील ‘गाओलिआंग’ या प्रदेशाच्या नावात असावे, असे मानले जाते. मध्ययुगात अरब व्यापाऱ्यांमार्फत हा कंद युरोपच्या औषधांत आणि स्वयंपाकघरांत पोहोचला होता. बाराव्या शतकातल्या जर्मन साध्वी हिल्डेगार्ड यांनी त्याच्या औषधी गुणांबद्दल लिहून ठेवले आहे. पुढे युरोपने तो विसरून टाकला, आपण तो औषधाच्या डब्यात ठेवला, आणि सयामने, म्हणजे आजच्या थायलंडने, तो रोजच्या भांड्यात ठेवला.

या पदार्थाची छापील नोंद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची आहे. सयामच्या गादीवर तेव्हा राजा चुलालोंगकोर्न होता. १८६८ ते १९१० या त्याच्या कारकिर्दीत छापखाने वाढले, दरबारी आणि सरदार घराण्यांतल्या स्त्रियांचे पाकज्ञान प्रथमच कागदावर उतरू लागले, आणि १८९० च्या सुमारास ‘तम्रा कप खाव’ नावाचे पाकपुस्तक निघाले. या नावाचा अर्थ सुंदर आहे: ‘कप खाव’ म्हणजे ‘भाताबरोबरचे’. आपल्या कोकणी घरात ज्याला ‘कालवण’ म्हणतात, तीच ही कल्पना. भात हे मुख्य अन्न, आणि बाकी सारे त्याच्या जोडीला.

त्या काळचा ‘तोम खा’ आजच्या अर्थाने सूप नव्हताच. बदकाचे किंवा कोंबडीचे तुकडे नारळाच्या पातळ रसात, भरपूर कुलिंजन घालून मंद शिजवले जात. मग ते मांस बाहेर काढून भाजलेल्या मिरच्यांच्या चटणीत बुडवून भाताबरोबर खात, आणि त्या चटणीला चिंच, मासळीचा खारट अर्क, साखर व लिंबू यांची चव दिलेली असे. म्हणजे आंबट, तिखट आणि खारट हे सारे रश्श्याच्या बाहेर, शेजारच्या वाटीत होते. पुढच्या काळात ही वाटी जणू भांड्यात रिकामी झाली: लिंबू, मिरची आणि मासळीचा अर्क थेट रश्श्यात आले, रस्सा भुरकण्याजोगा झाला आणि मांस काढून खाण्याचा पदार्थ वाडग्यातून पिण्याचा झाला. आजही काही घरांत आणि उपाहारगृहांत या सुपावर भाजल्या मिरचीच्या चटणीचे, ‘नाम प्रिक पाव’चे, तांबूस तेल तरंगताना दिसते. ती जुन्या वाटीचीच खूण आहे, असे मला वाटते. पांढऱ्याशुभ्र रश्श्याच्या आग्रहापोटी तिला अशुद्ध ठरवणाऱ्यांशी मी म्हणूनच सहमत नाही.

मिरचीचा उल्लेख झाला आहे, तर तिच्याविषयी थोडे सांगणे भाग आहे. ती सयामची नव्हे आणि आपलीही नव्हे. ती अमेरिका खंडातून आली आणि आशियात तिचा प्रसार प्रामुख्याने पोर्तुगीजांच्या व्यापारी मार्गांनी झाला. आफोन्सो द आल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा आणि १५११ मध्ये मलाक्का जिंकले, आणि त्याच वर्षी सयामची राजधानी अयुथ्या येथे आपला दूत पाठवला. तेव्हापासून गोवा आणि अयुथ्या एकाच व्यापारी जाळ्याची दोन गावे झाली. दख्खनमध्ये मिरचीला ‘गोवाई मिरची’ म्हणत, यात तिच्या वाटेची आठवण आहे. त्याहून बोलकी साक्ष भाषेने जपली आहे. थाई भाषेत ‘प्रिक’ हा शब्द मूळचा काळ्या मिऱ्याचा. नवी पाहुणी आली, तिने ते नाव घेतले आणि बिचाऱ्या मिऱ्याला ‘प्रिक थाय’, म्हणजे ‘थाई प्रिक’, असे वेगळे नाव घ्यावे लागले. मराठीतही मिऱ्यापासूनच ‘मिरची’ झाली. दोन दूरच्या भाषांनी एका नव्या तिखटाला जुन्या तिखटाच्याच नावाने घरात घेतले.

नारळाचा भाग मात्र प्रदेशाशी बांधलेला आहे. थायलंडच्या उत्तरेकडे आणि ईशान्येकडच्या इसान भागात पारंपरिक रस्से बहुधा नारळाविना, पाणीदार असतात. नारळाचा रस ही मध्य मैदानाची आणि दक्षिण किनाऱ्याची सवय. बँकॉकच्या नैर्ऋत्येला मे क्लोंग नदीच्या मुखाशी असलेला समुत सोंगख्राम प्रांत, त्यातले अम्फावा, तिथले कालवे आणि कालव्यांच्या काठच्या नारळाच्या बागा पाहिल्या तर कोकणातल्या कुळागराची आठवण झाल्यावाचून राहत नाही. तिथे नारळ खवण्याचे साधन आपल्या खवणीसारखेच: बसायला लाकडी आसन आणि पुढे दातेरी लोखंडी पाते. त्याला ‘क्रताय’ म्हणजे ससा म्हणतात, कारण जुन्या काळी ते आसन सशाच्या आकारात कोरत आणि पाते त्याच्या तोंडातून बाहेर काढत. विळीवर बसून नारळ खवलेल्या कोणत्याही आजीला ते साधन हाती द्या, तिला काही शिकवावे लागणार नाही. खवलेले खोबरे कोमट पाण्यात पिळून काढलेल्या पहिल्या घट्ट रसाला ते ‘हुआ कथी’, म्हणजे रसाचे ‘डोके’, म्हणतात आणि नंतरच्या पातळ रसाला ‘हांग कथी’, म्हणजे ‘शेपूट’. आपल्याकडे पहिले दूध आणि दुसरे दूध असा जो भेद आहे, तोच हा.

‘तोम खा’ शेपटात शिजवायचा आणि डोके शेवटी घालायचे, हा जुना क्रम यातूनच आला. मांस पातळ रसात शिजते, त्यामुळे रस फार आटत नाही, तेल सुटत नाही आणि कुलिंजनाचा अर्क पाणीदार द्रवात मोकळेपणाने उतरतो. घट्ट रस आच मंद केल्यावर घालायचा. लिंबाचा रस तर भांड्यात नव्हेच, वाढायच्या वाडग्यात आधी घालून ठेवायचा आणि वरून गरम सूप ओतायचे, कारण उकळीत लिंबाचा ताजेपणा जातो आणि आंबटामुळे नारळाचा रस फुटतो. सोलकढी करणाऱ्या माणसाला हे सांगायला नको. आंबट आणि नारळ यांना चुलीवर एकत्र आणायचे नसते, हे तो जाणतो.

हे सारे वाचून कोणाला वाटेल की झटपट कृती ही परंपरेची पायमल्ली आहे. माझे मत तसे नाही. या पदार्थात तासन्‌तास चुलीवर ठेवण्यासारखे काही नाही. कोंबडीचे पातळ काप पाच-सात मिनिटांत शिजतात आणि त्यात घालायच्या मकरूत लिंबाच्या सुवासिक पानांना त्याहून जास्त आच सोसतही नाही. जुन्या काळी वेळ जात असे तो नारळ फोडणे, खवणे आणि पिळणे यांत. तो वेळ विसाव्या शतकात कारखान्याने काढून घेतला. चोनबुरी आणि रयोंगच्या किनाऱ्यावर मासळी मिठात मुरवून ‘नाम प्ला’ बाटल्यांत भरणारे कारखाने उभे राहिले, आणि शतकाच्या उत्तरार्धात नारळाचा रस डब्यांत भरून निर्यात होऊ लागला. डबाबंद रस फुटू नये आणि डोके-शेपूट वेगळे होऊ नये म्हणून त्यात बांधून ठेवणारे घटक घालतात. काही डब्यांत तो घटक म्हणजे आपल्या गवारीच्या बियांचा गोंद असतो, आणि गवारीचे सर्वाधिक पीक भारतात, विशेषतः राजस्थानात, येते. या गोंदामुळे डब्यातला रस जास्त उकळी सोसतो. झटपट कृतीत सारा रस एकदम ओतता येतो, तो याचमुळे.

डबा आला तरी पाने आणि कंद डब्यात येत नव्हते, आणि खरी अडचण तिथे झाली. व्हिएतनाम युद्धाच्या काळात थायलंडमधल्या हवाई तळांवर राहून गेलेल्या अमेरिकी सैनिकांना या चवीची ओळख झाली, तर १९६५ च्या अमेरिकी स्थलांतर कायद्यानंतर थाई कुटुंबे लॉस एंजेलिससारख्या शहरांत स्थिरावू लागली. तिथे ताजे कुलिंजन दुर्मीळ होते, आणि झाडांच्या रोगांच्या भीतीने मकरूत लिंबाची ताजी पाने बाहेरून आणण्यावर निर्बंध होते. मग वाळलेल्या चकत्या, डब्यातली पूड आणि जिथे तेही नाही तिथे आले, असे पर्याय रूढ झाले. गरजेपोटी केलेल्या या बदलाला मी दोष देणार नाही. परदेशात राहून कोकमाऐवजी चिंच आणि आंबेहळदीऐवजी साधी हळद वापरणाऱ्या कोणत्याही मराठी घराला त्यातली ओढ समजेल. परंतु पुढे हे पर्यायच कृती म्हणून छापले गेले, आणि आले घातलेले नारळाचे सूप ‘तोम खा’ म्हणून जगभर पसरले. आल्याचा तिखटपणा घशाला लागतो, कुलिंजनाचा सुवास नाकात राहतो. नावातच ज्याचा मान आहे ते काढून उरलेल्याला तेच नाव देणे मला खटकते.

प्रसाराला सरकारी बळही मिळाले. २००२ साली थायलंड सरकारने ‘ग्लोबल थाई’ हा उपक्रम सुरू केला. तेव्हा जगात सुमारे ५,५०० थाई उपाहारगृहे होती आणि २००३ पर्यंत ती ८,००० करण्याचे उद्दिष्ट होते. या उपाहारगृहांच्या मेनूवर ‘तोम यम’ हे आंबट-तिखट सूप आणि ‘तोम खा’ ही जोडी जवळपास ठरलेली असते. त्यांपैकी कोळंबीच्या ‘तोम यम’ला डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. मुंबईत या चवींची रीतसर ओळख करून देण्यात कफ परेडच्या ताज प्रेसिडेंट हॉटेलात १९९३ साली सुरू झालेल्या ‘थाई पॅव्हेलियन’चा मोठा वाटा होता. आता शहरांतल्या मोठ्या भाजीबाजारांत कुलिंजन, गवती चहाच्या काड्या आणि मकरूतची पाने यांचे एकत्र बांधलेले पुडके मिळते. गवती चहाबाबत एक खुलासा करतो. आपण चहात पात घालतो. सुपाला लागतो तो बुंध्याकडचा जाड पांढरट भाग, आणि चहासाठी मिळणाऱ्या जुडीत तो बऱ्याचदा छाटलेला असतो. परसात किंवा कुंडीत गवती चहा असेल तर काडी मुळापासून उपटावी, बत्त्याने एकदा ठेचावी आणि मग भांड्यात टाकावी.

चार माणसांसाठी ४०० मिलिलिटर नारळाचा रस, त्याच्या निम्मे पाणी, कुलिंजनाच्या ८-१० पातळ चकत्या, गवती चहाच्या २ काड्या आणि मकरूतची ४-५ फाडलेली पाने एकत्र मंद आचेवर ठेवली, की पाच मिनिटांत घरभर वास पसरतो. तेव्हा कोंबडीच्या मांडीचे ३०० ग्रॅम काप आणि मूठभर अळिंबी घालायची, नाम प्ला आणि चिमूटभर साखर टाकायची, आणि मांस शिजताच गॅस बंद करायचा. वाडग्यात आधीच लिंबू पिळून दोन ठेचलेल्या मिरच्या ठेवलेल्या असाव्यात. कुलिंजनाच्या चकत्या आणि गवती चहाच्या काड्या खायच्या नसतात, पण गाळूनही टाकायच्या नसतात. थाई घरात त्या वाडग्यातच राहतात आणि जेवणारा त्या चमच्याने ताटाच्या कडेला सारतो, जसे आपण आमटीतली आमसुले सारतो. शेजारी गरम भात असतो, आणि सूप भातावर चमच्याचमच्याने घेतले जाते.