राखणीचे कुत्रे : स्वभाव व घरगुती पालन

घर, शेत, गोदाम किंवा जनावरांचा कळप यांच्या रक्षणासाठी पाळलेल्या कुत्र्यांना राखणीचे कुत्रे म्हणतात. त्यांच्याकडून दोन निरनिराळी कामे अपेक्षित असतात : परक्या माणसाची चाहूल लागताच भुंकून घरच्यांना सावध करणे आणि त्या माणसाला प्रत्यक्ष अडवणे. सामान्य कुटुंबाची गरज बहुधा पहिल्या कामापुरतीच असते आणि ते एखादा सावध गावठी कुत्राही चोख करतो. राखणीसाठी म्हणून मुद्दाम विकत आणली जाणारी पिल्ले मात्र पुष्कळदा दुसऱ्या कामासाठी घडवलेल्या वंशांची असतात.

डॉबरमन हा वंश एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतील आपोल्डा येथे कार्ल फ्रीडरिख लुई डोबरमन याने तयार केला. करवसुलीसाठी फिरताना संरक्षण करील असा सोबती त्याला हवा होता, असे सांगितले जाते. हा कुत्रा तल्लख, चपळ आणि धन्याची पाठ न सोडणारा असतो. दिवसभर एकटा कोंडून ठेवला, तर तो बेचैन होतो.

रॉटवाइल या जर्मन गावातील खाटकांकडे गुरे हाकणाऱ्या आणि गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांपासून रॉटवायलर वंश आला. नराची उंची 61 ते 68 सेंमी. आणि वजन सुमारे 50 किग्रॅ. असते. नीट वाढवलेला रॉटवायलर शांत डोक्याचा असतो, पण दारात अनोळखी माणूस आला की कधी कधी न भुंकताच आडवा उभा राहतो : अंगाचा भार पुढच्या पायांवर, तोंड मिटलेले, नजर खिळलेली. ही लक्षणे वाचता येणे मालकाला अत्यावश्यक आहे. गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा पुढे इशारा न देता थेट चावू शकतो, म्हणून ती शिक्षा फार घातक होय. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात या काळ्या, जाड केसांच्या कुत्र्याला भर दुपारी फिरवणेही धोक्याचे असते.

तुर्कस्तानचा कंगाल आणि कॉकेशसमधील मेंढपाळांचे कुत्रे यांची गोष्ट आणखी वेगळी आहे. पिल्लूपणापासून मेंढ्यांत वाढलेले हे कुत्रे रात्री माणूस जवळ नसताना लांडग्याला सामोरे जातात, त्यामुळे हुकमाची वाट न पाहणे हाच त्यांचा गुण ठरतो. इमारतीतल्या सदनिकेत तोच गुण जोखीम बनतो, आणि नवख्या मालकाने त्यांच्या वाटेला न जाणेच बरे.

कोणत्याही वंशाच्या पिल्लाच्या आयुष्यातील साधारण 3 ते 14 आठवड्यांचा काळ फार मोलाचा असतो. या दिवसांत लहान मुले, छत्री घेतलेली माणसे, दुचाकीचा आवाज, वृत्तपत्र टाकणारा मुलगा हे सारे त्याच्या सवयीचे व्हावे लागते. लसीकरण पूर्ण झालेले नसते म्हणून पिल्लाला घरातच ठेवले जाते आणि नेमका हाच काळ वाया जातो. त्याला जमिनीवर न सोडता कडेवर घेऊन बाहेर फिरवल्यास ही अडचण बरीचशी सुटते. पिल्लू घेण्यापूर्वी त्याच्या आईचे परक्यांशी वागणे पाहावे. कुत्रा सतत साखळीला बांधून ठेवल्याने राखण सुधारत नाही. भीती आणि चिडचिड तेवढी वाढते.

मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारने रॉटवायलर व कंगाल यांसह 23 वंशांच्या आयात, पैदास आणि विक्रीवर बंदी घालण्यास राज्यांना कळवले होते. ते परिपत्रक कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल 2024 मध्ये रद्द ठरवले. पाळीव जनावरापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्या मालकाला भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार शिक्षा होऊ शकते, मग कुत्रा कोणत्याही वंशाचा असो.