टारफुल्याचा इंग्रज चुलतभाऊ

ज्वारीच्या शेतात टारफुला उगवला की शेतकऱ्याचा जीव खाली-वर होतो. वर बघावं तर चिमुकलं फूल, आणि खाली मातीत त्याची मुळं ज्वारीच्या मुळांना चिकटून पाणी-अन्न ओढत असतात. ताटं उभ्या उभ्या खुरटतात. याच टारफुल्याच्या कुळातली 'यलो रॅटल' नावाची एक वनस्पती इंग्लंडमधले माळी पैसे मोजून, मुद्दाम बी आणून लावतात. तीही कुठे, तर जुन्या जमीनदारी हवेल्यांच्या हिरवळीत, ज्यांची आता महागडी हॉटेलं झाली आहेत.

अशी हवेली म्हणजे 'कंट्री हाउस हॉटेल'. टॉवेल रोज धुवायला टाकू नका अशी न्हाणीघरातली पाटी आता जगभर दिसते. पण या हॉटेलांचं पर्यावरणाशी असलेलं खरं नातं बघायचं तर बाहेर गवतात जाऊन गुडघे टेकावे लागतात.

वेस्ट ससेक्समधल्या ईस्ट ग्रिन्स्टेड गावाजवळची 'ग्रेव्हटाय मॅनर' 1598 साली बांधलेली. 1880च्या दशकात ती विल्यम रॉबिन्सन या आयरिश माळ्याने विकत घेतली. माळीकाम करत लेखक झालेला, आणि लेखणीच्या कमाईवर हवेलीचा धनी झालेला हा गडी भलता भांडकुदळ होता. त्या काळी श्रीमंतांच्या बागा म्हणजे रांगोळीच असे. कोळशाने तापवलेल्या काचघरांत उष्ण देशांतली हजारो रोपं वाढवायची, उन्हाळ्यापुरती नक्षीत मांडायची, थंडी आली की उपटून फेकायची. रॉबिन्सनने 1870च्या 'द वाइल्ड गार्डन' या पुस्तकात उलटी वाट सांगितली: इथल्या हवेत आपलं आपण तगेल ते लावा आणि मग त्याला त्याच्या मर्जीने पसरू द्या. ग्रेव्हटायच्या गवतात त्याने नार्सिसस या फुलझाडाचे कंद अक्षरशः ढिगाने पुरले. 1935 मध्ये तो वारला. 1958 पासून तिथे हॉटेल आहे आणि फुलांचं कुरण आजही राखलं जातं. त्याने बांधलेल्या अंडाकृती दगडी भिंतीच्या आतला भाजीमळा हॉटेलच्या स्वयंपाकघराला माल पुरवतो. दिवसा तापलेला दगड रात्री ऊब सोडतो आणि भिंतीलगतची फळझाडं गारठ्यातून निभावतात.

आता मूळ कोडं. फुलांचं कुरण हवं असेल तर जमीन सुपीक करायची की नापीक?

याचं उत्तर लंडनच्या उत्तरेला, रॉथमस्टेड या शेती संशोधन केंद्राच्या एका गवताळ शेतात मिळतं. तिथे 1856 साली कोणत्या खताने गवताचं उत्पन्न किती वाढतं हे बघायला पट्टे आखले. तो प्रयोग अजून चालू आहे! ज्या पट्ट्यांना कधीच खत दिलं नाही, तिथे आज चाळीसच्या आसपास जातींच्या वनस्पती नांदतात. अमोनियाचं खत भरपूर मिळालेल्या काही पट्ट्यांवर उरल्या दोन-तीनच जाती, त्याही जवळपास सगळ्या गवताच्या. काही ठिकाणी खताने मातीही आंबट केली. पण नुसत्या सुपीकतेनेही जाती कशा घटतात, ते 2009 मध्ये झुरिकच्या संशोधकांनी दाखवलं. खत घातलेल्या गवतात त्यांनी तळाशी दिव्यांच्या नळ्या लावून उजेड पुरवला, आणि एरवी नाहीशा झाल्या असत्या अशा जाती टिकल्या. म्हणजे बुटक्या फुलझाडांचा जीव घेते ती उंच गवताची सावली. 1930 नंतरच्या अर्धशतकात ब्रिटनमधली 97 टक्के फुलांची कुरणं गेली, त्यात नांगराइतकाच खताच्या गोणीचा हात होता.

गवताचा माज उतरवायला म्हणून 'यलो रॅटल' आणतात. पिवळं फूल, आणि वाळलेल्या बोंडात बी खुळखुळतं म्हणून हे नाव. (आपल्याकडचा खुळखुळा वेगळा, तो शेंगवर्गातला.) याची पानं हिरवी असतात, साखर ते स्वतः बनवतं. पाणी आणि क्षार मात्र शेजारच्या गवताच्या मुळांतून चोरतं. चोरीची युक्ती गमतीची आहे. पानांवरची सूक्ष्म छिद्रं ते मोकळी ठेवतं, पाण्याची वाफ उडत राहते आणि त्या ओढीने गवतातलं पाणी त्याच्याकडे वळतं. गवत खचतं, मध्ये उघडी जागा पडते, तिथे डेझी, क्लोव्हर, नशीब असेल तर ऑर्किडही येतं. मग भुंगे येतात. इंग्लंडच्या शेतकऱ्यालाही पूर्वी ही वनस्पती डोळ्यांसमोर नको असायची, कारण चाराच घटायचा.

'निसर्गावर सोडून दिलं' असं माहितीपत्रकात वाचलं की मला हसू येतं. सोडून दिलं तर दहा-वीस वर्षांत तिथे काटेरी झुडपं आणि पुढे जंगल उभं राहील. त्याचंही मोल आहे, पण ते कुरण नव्हे. कुरणासाठी उन्हाळा सरताना, बी गळून पडल्यावर, गवत कापायचं आणि कापलेलं उचलून न्यायचं. तिथेच पडू दिलं तर कुजून पुन्हा खतच होतं. हा हिशेब साताऱ्याजवळच्या कास पठारालाही लागू पडतो. तिथे जांभ्या खडकावर मातीचा जेमतेम थर, आणि म्हणूनच इतकी फुलं. जाळीचं कुंपण घातल्यावर गुरांची चराई थांबली, गवत माजलं आणि फुलं घटली अशी ओरड झाली. पुढे जाळी काढण्यात आली. गाईच्या जिभेचं काम इंग्लंडमध्ये यंत्राच्या पात्याला करावं लागतं, एवढाच फरक.

हवेलीच्या छपरातले पाहुणे मात्र फुकट राहतात. जुन्या कौलांच्या फटींत वटवाघळांच्या माद्या उन्हाळ्यात एकत्र येऊन पिल्लं वाढवतात, बहुधा वर्षाला एकेक. पाचेक ग्रॅमचं पिपिस्ट्रेल वटवाघूळ एका रात्रीत तीन हजारांपर्यंत चिलटं मटकावतं. ब्रिटनमध्ये कायद्याने त्यांच्या वसतीला हात लावता येत नाही, अगदी ती रिकामी असली तरी. छप्पर गळत असलं तर मालकाला आधी तज्ज्ञ बोलवावा लागतो, बहुतेकदा परवाना घ्यावा लागतो आणि पिल्लं उडेपर्यंत थांबावं लागतं.

कुरणाची घाईही अशीच महागात पडते. यलो रॅटल एकवर्षायू. बी शरद ऋतूत पडायचं, हिवाळ्याची थंडी खायची, मगच वसंतात रुजायचं. मातीत ते फार काळ जिवंत राहत नाही. एखाद्या वर्षी लॉनवर लग्न आहे म्हणून बी पिकायच्या आधी सगळीकडे यंत्र फिरवलं, तर पुढच्या वसंतात गवत पुन्हा दाट उभं राहतं आणि माळ्याला बियाण्याची पिशवी नव्याने विकत आणावी लागते.