खोपोलीच्या रोलर कोस्टरला निघण्याआधी : आमच्या प्रवासी कुटुंबांसाठी माहितीपत्रक

नमस्कार.

पुण्याहून खोपोलीजवळच्या इमॅजिका या मनोरंजन पार्कच्या सहलीसाठी आमची गाडी ठरवायला तुम्ही फोन करता तेव्हा आम्ही आधी विचारतो, किती जण? आणि लगेच विचारतो, मुलांची उंची किती? इथे बरेच जण अडखळतात आणि वय सांगतात. वय नको, उंचीच हवी. असं का, ते या पत्रकात सविस्तर लिहिलं आहे. गाडीत बसण्याआधी घरातल्या एकाने तरी ते शेवटपर्यंत वाचावं, ही विनंती.

सुरुवातीच्या दिवसांत आम्हीही वयच विचारायचो. एकदा चिंचवडचं एक कुटुंब आमच्या गाडीने गेलं. मुलगा नऊ वर्षांचा. महिनाभर नायट्रोचे, म्हणजे तिथल्या सगळ्यात मोठ्या रोलर कोस्टरचे, व्हिडिओ बघून त्याला प्रत्येक वळण तोंडपाठ झालेलं. पाऊण तास रांगेत उभं राहून तो दाराशी पोचला. तिथल्या मुलीने उंची मोजायची पट्टी त्याच्या डोक्याशी धरली. त्याने हळूच टाचा उचलल्या. तिने खांद्यावर हात ठेवून प्रेमाने सांगितलं, "बाळा, टाचा खाली." दोन बोटं कमी पडली. वडिलांनी खूप गळ घातली, पण ती बधली नाही, आणि तिचं बरोबरच होतं. त्या मुलाने दुपारी जेवायलाही नकार दिला. चूक पार्कची नव्हती, मुलाची नव्हती, आमची होती. आम्हाला नियम माहीत होता आणि आम्ही तो आधी सांगितला नव्हता. तेव्हापासून फोनवर उंची विचारतो आणि कुठलं मूल कुठल्या राइडला बसू शकेल ते त्याच फोनवर सांगून टाकतो. घरी कळलं तर मूल दोन दिवस रुसतं आणि तिसऱ्या दिवशी दुसऱ्या राइडची स्वप्नं बघायला लागतं. रांगेच्या शेवटी कळलं तर अख्खा दिवस जातो.

घरी उंची अशी मोजा. मुलाला अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं करा, टाचा भिंतीला टेकलेल्या. डोक्यावर वही आडवी धरा, भिंतीवर पेन्सिलने खूण करा आणि शिवणकामाच्या टेपने सेंटिमीटरमध्ये मोजा. वेणी किंवा अंबाडा धरू नका, पार्कमध्येही धरत नाहीत.

उंचीवरच का अडतं?

मोठ्या कोस्टरवर दोन्ही खांद्यांवरून एक जाड, मऊ आवरणाचा दांडा छातीवर उतरतो. त्याला पट्टा जोडलेला असतो, तो दोन पायांच्या मधून सीटला अडकतो. हा दांडा खांद्यावर आणि छातीवर नेमका कुठे टेकला पाहिजे, हे ठरावीक उंचीच्या शरीराचा विचार करून ठरवलेलं असतं. मूल लहान असेल तर दांडा आणि खांदा यांच्यात पोकळी राहते. सरळ बसल्यावर ती जाणवत नाही, गाडी उलटी झाली की जाणवते. म्हणून मूल धीट आहे, वयाने मोठं आहे, आईवडिलांची तक्रार नाही, यातलं काहीही तिथे चालत नाही, आणि चालूही नये.

गाडी चालते कशी

हे मुलांना वाचून दाखवा. आमचा अनुभव असा की, काय चाललंय ते समजलं की निम्मी भीती ओसरते.

रोलर कोस्टरच्या गाडीला इंजिन नसतं. बहुतेक कोस्टरवर साखळी तिला पहिल्या चढावर ओढून नेते आणि माथ्यावर सोडून देते. पुढचा सगळा खेळ त्या उंचीतून मिळालेल्या वेगावर चालतो. म्हणून पुढचा प्रत्येक चढ पहिल्यापेक्षा बुटका असतो. नायट्रोचा पहिला माथा सुमारे ४० मीटर, म्हणजे बारा-तेरा मजली इमारतीएवढा. तिथून खाली येताना वेग ताशी १०० किलोमीटरच्या आसपास जातो. आपल्या एक्स्प्रेसवेवर मोटारींना सपाटीला जी मर्यादा आहे, साधारण तोच वेग, फक्त इथे काच नाही, छत नाही आणि पायाखाली फळीसुद्धा नाही. सगळे बसले की स्थानकातली फळी खाली सरकते आणि पाय मोकळे लोंबतात. पुढे पाच वेळा माणूस उलटा होतो.

चढावर टक-टक-टक असा मोठा आवाज येतो. काही तरी तुटतंय असं वाटून लहान मुलं (आणि पुष्कळ मोठी माणसं) त्याला घाबरतात. खरं तर तो सुरक्षेचा आवाज आहे. गाडीखालचा खटका रुळाच्या मधल्या दातेरी पट्टीवरून एकेक दात ओलांडत जातो, त्याचा तो आवाज. समजा साखळी थांबली, तर खटका मागच्या दातात अडकतो आणि गाडी मागे घसरत नाही. आमच्यासोबत आलेल्या एका मुलीला हे गाडीत येतानाच सांगितलं होतं. चढ संपेपर्यंत ती टकटक मोजत होती. उतरल्यावर आईला तिने आकडाच आधी सांगितला.

उलटं झाल्यावर पडत कसं नाही? पाण्याची बादली हातात धरून जोरात गरगर फिरवा, पाणी सांडत नाही. तेच इथे होतं. वळसा घेताना गाडी सतत आत वळत असते आणि आपण सीटमध्ये दाबले जातो. वळशाचा आकार नीट बघा, तो बांगडीसारखा गोल नसून थेंबासारखा असतो, वर निमुळता आणि खाली रुंद. अगदी गोल ठेवला तर खालून आत शिरताना मानेवर आणि पाठीवर फार जोर येईल.

गाडी रुळावरून उचलली का जात नाही, हेही मुलं विचारतात. चाकं तीन बाजूंनी असतात, रुळाच्या वर, बाजूला आणि खालीसुद्धा. रूळ जणू मुठीत धरलेला असतो. ही खालची चाकं जॉन मिलर नावाच्या अमेरिकन रचनाकाराने १९१९ साली आणली, आणि त्यानंतरच कोस्टर खऱ्या अर्थाने उंच आणि वेगवान झाले. त्याआधी १८८४ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला जो कोस्टर सुरू झाला, त्याचा वेग ताशी दहा किलोमीटरसुद्धा नव्हता. लोक पाच सेंट देऊन बाजूला तोंड करून बसायचे, देखावा बघत.

एका मार्गावर दोन गाड्या असतील तर त्या आपटणार नाहीत, याची व्यवस्था आपल्या रेल्वेसारखी असते. मार्गाचे टप्पे पाडलेले असतात आणि एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी. पुढचा टप्पा मोकळा नसेल तर मागची गाडी आपोआप थांबते. तेव्हा गाडी चढावर मध्येच थांबली तर बसून राहा, दांड्याशी खटपट करू नका. शेजारी जिना असतो, वेळ आलीच तर कर्मचारी येऊन उतरवतात.

कुठला कोस्टर कोणासाठी

पार्क २०१३ च्या एप्रिलमध्ये सुरू झालं. सध्या ते संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आहे. आमच्या पिढीला रोलर कोस्टर म्हटलं की लाँचने गोराईला जाऊन पाहिलेलं एस्सेलवर्ल्ड आठवतं. ते आठवून जाऊ नका, इथला नायट्रो फार मोठा आहे.

सुरुवात गोल्ड रश एक्स्प्रेसने करा. सोन्याच्या खाणीतल्या गाडीचा देखावा आहे, उलटंपालटं काही नाही, आणि मूल या प्रकाराला कसं सामोरं जातं ते इथे कळतं. उतरताना त्याचा चेहरा बघा. हसत "परत" म्हणालं तर पुढे जा. गप्प झालं असेल तर त्या दिवसापुरतं तेवढंच पुरे.

डीप स्पेस बंद इमारतीत, काळोखात आहे. चढ नाही, टकटक नाही, गाडी एकदम पुढे फेकली जाते. वळण कुठे येणार ते दिसत नसल्यामुळे मान सावरायला वेळ मिळत नाही. डोकं आधीच मागे टेकवून बसा. काळोखाला घाबरणाऱ्या मुलाला इथे नेऊ नका, उंची बसत असली तरी.

नायट्रोला एका रांगेत चौघं बसतात, म्हणजे चौकोनी कुटुंब एकत्र. पुढची रांग आणि मागची रांग यांत मोठा फरक आहे. पुढचा डबा माथा ओलांडून क्षणभर रेंगाळतो, कारण मागची गाडी अजून वर यायची असते. मागचा डबा माथ्यावर येतो तेव्हा बाकीची गाडी खाली झेपावलेली असते, ती त्याला हिसका देऊन ओढून घेते. पोटात खड्डा पडल्याची भावना मागे जास्त. पहिल्या खेपेला आम्ही मधली रांग सुचवतो.

मुलांना किंवा बायकोला किंवा नवऱ्याला भरीस पाडू नका, हे कळकळीने सांगतो. "मुलगा असून घाबरतोस?" हे वाक्य आम्ही त्या रांगेत फार वेळा ऐकलं आहे. त्याने मूल बसतंही कधी कधी, पण डोळे मिटून आणि दात आवळून, आणि घरी जाताना कोणाशी बोलत नाही. दाराशी पोचल्यावरही मागे फिरता येतं. बसणाऱ्यांसाठी बाहेर थांबणाराही कोणी तरी लागतोच, चष्मे आणि मोबाइल सांभाळायला.

हे लपवू नका

हृदयविकार, रक्तदाब, मणक्याचा किंवा मानेचा त्रास, फिट येणं, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गरोदरपण, यांपैकी काही असेल तर मोठ्या कोस्टरवर बसू नका. गरोदर आहे हे अजून घरच्यांना सांगितलेलं नाही, म्हणून बसावं लागलं, असंही घडू शकतं. तसं असेल तर बुकिंग करताना मला एकटीला सांगा. बुकिंग मी बघते, गाडी हे चालवतात. तुम्हाला खाली थांबायला निमित्त मी देईन.

कपड्यांचं थोडं. पायांमधून पट्टा येतो, म्हणून साडी गैरसोयीची, सलवार किंवा पँट घाला. ओढणी आमच्या गाडीतच ठेवा. लोंबते झुमके काढून ठेवा, खांद्यावरचा दांडा वळणावर कानाशी आपटतो तेव्हा फार लागतं. मंगळसूत्र कुर्त्याच्या आत घ्या. चपला नकोत, मागे पट्टा असलेले सँडल किंवा बूट हवेत.

ज्यांना गाडी लागते

खंडाळ्याच्या घाटात ज्याला मळमळतं, त्याला कोस्टरवरही मळमळण्याची शक्यता जास्त. कारण एकच, डोळे एक सांगतात आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग दुसरंच सांगतो. अशा मंडळींना आम्ही आमच्या गाडीत पुढच्या सीट देतो, फोनवर सांगून ठेवा. घाट उतरताना मोबाइल बघू नका, समोर रस्त्याकडे बघा. आवळासुपारी आणि आलेपाक गाडीत असतो. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, कारण बहुतेक गोळ्यांनी पेंग येते.

उपाशी पोटी बसणं भरल्या पोटी बसण्याइतकंच वाईट. बाहेरचं खाणं पार्कमध्ये नेता येत नाही, म्हणून थालीपीठ-दही आमच्या गाडीतच, पोचण्याच्या तासभर आधी. दुपारचं जेवण हलकं करा आणि नंतर तासभर कोस्टर नको. तो वेळ उन्हाचाही असतो. तेव्हा 'आय फॉर इंडिया'ला जा. अधांतरी खुर्चीत बसून भल्यामोठ्या पडद्यावर देशभराचं उडतं दर्शन होतं, आजी-आजोबांनाही झेपतं.

राजासॉरसची होडी शेवटी ठेवा, चिंब व्हायला होतं. कोरडे कपडे गाडीत राहू द्या. मुलांना सांगा की राजासॉरस हा खरा डायनासोर होता. त्याची हाडं गुजरातमध्ये सापडली आणि २००३ साली त्याला राजासॉरस नर्मदेन्सिस असं नाव मिळालं, आपल्या नर्मदेवरून.

आजी-आजोबा बरोबर असतील तर

अष्टविनायकातला महडचा वरदविनायक खोपोलीजवळच आहे आणि पालीचा बल्लाळेश्वर त्याच रस्त्याने पुढे. "जाता जाता दर्शन करू" असा आग्रह होतो. महड सकाळी लवकर निघालो तर जमतं. पाली त्याच दिवशी करू नका. मुलांचं लक्ष घड्याळाकडे आणि आजीचं गाभाऱ्याकडे, यात दोघांचंही समाधान होत नाही. पालीला आम्ही वेगळी गाडी नेतो, निवांत.

पावसाळ्यात या भागात धो धो पाऊस पडतो. जोराचा पाऊस किंवा विजा असल्या की उघड्यावरचे कोस्टर थांबवतात, आणि ते सुरू कधी होतील हे आकाशावर असतं. फक्त नायट्रोसाठी जायचं असेल तर जुलै-ऑगस्ट टाळा.

शनिवारी सकाळी मुंबईकर घाट चढत असतात, आपण उतरत असतो. रविवारी संध्याकाळी ते परत उतरतात, आपण चढतो. म्हणजे पुण्याहून जाणाऱ्यांना शनिवार-रविवारीही घाट त्यामानाने मोकळा मिळतो. आतली गर्दी मात्र सुटीच्या दिवशी भरपूर. रांगा कमी करायला पार्कचं एक्स्प्रेस तिकीट मिळतं. ते महाग पडतं आणि आम्ही ते सुट्टीच्या दिवसांसाठीच सुचवतो. मधल्या वारी गेलात तर साधं तिकीट पुरतं. पार्कची तिकिटं तुम्हीच थेट काढा, आम्ही त्यावर काही घेत नाही. आमच्या भाड्यात गाडी, टोल, पार्किंग आणि सकाळचा नाश्ता येतो. गाडी सतरा सीटची आहे.

बुकिंगच्या फोनला बसताना जवळ ठेवा : प्रत्येक मुलाची सेंटिमीटरमधली उंची, गाडी लागणाऱ्यांची नावं आणि घरात कोणाला औषध चालू असेल तर त्याची माहिती. उंची महिन्याभरापूर्वी मोजलेली असेल तर पुन्हा मोजा. या वयात मुलं भराभर वाढतात, आणि त्या चिंचवडच्या मुलाला पुढच्या वर्षी नायट्रोवर चढवून आणलं तेव्हा तो पट्टीपेक्षा चार बोटं उंच होता.