‘भाव नाही’ आणि ‘भाव शून्य’ : ऑप्शन व रिझल्ट टाइपची पार्श्वभूमी

रावेर-यावलच्या पट्ट्यात केळीचा रोजचा भाव मोबाइलवर दाखवणारा प्रोग्राम लिहायचा आहे असे धरू. पाच दिवसांपैकी चार दिवसांचे क्विंटलचे भाव १२००, १३००, १२५० आणि १२५०. एका दिवशी लिलावच नाही. सरासरी १२५०. त्या रिकाम्या दिवशी ० भरला की तीच सरासरी १००० होते. प्रोग्राम कुठे अडखळत नाही, शेतकऱ्याला मात्र अडीचशे रुपये कमी दिसतात. ० ऐवजी नल, म्हणजे ‘इथे काहीच नाही’ सांगणारी खूण, ठेवला तर जावासारख्या भाषेत बेरीज करताना प्रोग्राम कोसळतो. तेवढी चूक निदान लपत तरी नाही.

नल आला १९६५ साली, अल्गोल डब्ल्यू या भाषेत. अंमलात आणायला सोपा, एवढेच कारण. तो आणणाऱ्या शास्त्रज्ञाने २००९ मध्ये त्याला स्वतःची अब्ज डॉलरची चूक म्हटले. एमएल या भाषेच्या घराण्यात ऑप्शन आणि हॅस्केल भाषेत मेबी हे नलला उत्तर होते: एक डबा, ज्यात किंमत तरी असते, नाहीतर तो उघडपणे रिकामा असतो. मात्र त्यासाठी जेनेरिक, म्हणजे कोणत्याही प्रकारच्या किमतीला चालणारे साचे, हवेत, नाहीतर पूर्णांकासाठी एक आणि स्ट्रिंगसाठी दुसरा असे डबे बनवत बसावे लागते.

जावात जेनेरिक २००४ मध्ये आले, तरी ऑप्शनल (जावातला ऑप्शन) यायला २०१४, म्हणजे जावा ८ उजाडावे लागले. वाद आहे तो इथे. ऑप्शनल मुख्यतः मेथडच्या रिटर्न टाइपसाठी, म्हणजे फंक्शनने परत दिलेल्या उत्तरासाठी, आहे, अशी रचनाकारांची भूमिका. म्हणून तो सिरियलायझेबल (साठवता-पाठवता येईल असा) केला नाही आणि क्लासच्या फील्डमध्ये, म्हणजे ऑब्जेक्टच्या आतल्या कप्प्यात, ठेवू नये असा सल्ला रूढ झाला. मग भाव असलेल्या-नसलेल्या दिवसाची नोंद ऑब्जेक्टमध्ये ठेवायची कशी? फील्डमध्ये नल आणि ते वाचून देणाऱ्या गेटर मेथडमधून ऑप्शनल, ही पद्धत पडली. म्हणजे ज्याला हाकलायचे तोच घरात राहिला. शिवाय ऑप्शनलचा व्हेरिएबल स्वतः नल असू शकतो, आणि कंपायलर ते अडवत नाही.

त्याहून खटकणारा निर्णय मॅपचा, म्हणजे डब्यातल्या किमतीवर फंक्शन चालवणाऱ्या मेथडचा. आत दिलेल्या फंक्शनने नल परत केला तर मॅप गुपचूप रिकामा ऑप्शनल देतो. त्यामुळे एक मॅप करून मग दुसरा मॅप करणे आणि दोन्ही फंक्शने जोडून एकदाच मॅप करणे, यांचे उत्तर वेगळे येऊ शकते: पहिल्या फंक्शनने नल दिला आणि दुसरे फंक्शन नल हाताळणारे असेल तर पहिल्या प्रकारात ते चालवलेच जात नाही. स्काला ही भाषा इथे नलही आत भरून ठेवते; गैरसोयीचे, पण दोन्ही उत्तरे सारखी यावीत हा नियम मोडत नाही. डब्यातली किंमत काढणाऱ्या गेट या मेथडच्या नावाचेही तसेच. निरुपद्रवी दिसते, रिकाम्यावर मात्र एक्सेप्शन (काम थांबवणारी त्रुटी) फेकते. जावा १० मध्ये ऑर-एल्स-थ्रो हे प्रामाणिक नाव त्याला पर्याय म्हणून आले. डबा रिकामा असल्यास पर्यायी किंमत देणाऱ्या ऑर-एल्समध्ये डेटाबेसची हाक लिहिली तर भाव हाती असतानाही ती होते, कारण कंसातले आधी चालते. तिथे डबा रिकामा असेल तरच हाक मारणारे ऑर-एल्स-गेट लागते.

ऑप्शन ‘नाही’ सांगतो, ‘का नाही’ सांगत नाही. ते काम रिझल्टचे: त्यात उत्तर तरी असते, नाहीतर त्रुटी. रस्ट भाषेत २०१५ च्या पहिल्या स्थिर आवृत्तीपासून दोन्ही आहेत. त्रुटी वर, म्हणजे हाक मारणाऱ्या फंक्शनकडे, पाठवण्यासाठी आधी ट्राय हा मॅक्रो (कोडचे लघुरूप) होता, १.१३ आवृत्तीत, नोव्हेंबर २०१६ मध्ये ? हे चिन्ह आले. ते त्रुटीचा प्रकारही गरजेप्रमाणे बदलून देते. रूपांतर लिहिलेले नसेल तर कोड कंपाइल होत नाही. गो भाषेत जेनेरिक २०२२ मध्ये आले, तरी उत्तर आणि त्रुटी अशी जोडी परत करण्याची चाल टिकली. तिथे त्रुटी आपोआप वर पाठवणाऱ्या ट्रायचा प्रस्ताव २०१९ मध्येच मागे घेतला गेला होता. सी++ ने ऑप्शनल १७ च्या मानकात आणि रिझल्टसारखा एक्स्पेक्टेड २३ च्या मानकात घेतला.

केळीच्या भावाला हे दोन्ही लागतात. सर्व्हर लागला नाही तर त्रुटी. सर्व्हर लागला आणि लिलाव नव्हता तर यशस्वी उत्तर, आत रिकामा ऑप्शन. म्हणून बाहेर रिझल्ट आणि आत ऑप्शन. बाहेरचा रिझल्ट काढून नुसता ऑप्शन ठेवला, तर चोपडा तालुक्यात रेंज गेली की स्क्रीनवर ‘आज लिलाव नाही’ असे दिसेल.