उर्मिया मिशन

उर्मिया मिशन : वायव्य इराणमधील उर्मिया शहरात 1835 साली स्थापन झालेले अमेरिकन प्रॉटेस्टंट मिशन. पहिल्या महायुद्धात ऑटोमन फौजा व कुर्द टोळ्यांच्या हल्ल्यांतून जीव वाचवून आलेल्या सिरियाक (अरेमाइकपासून आलेल्या) भाषेच्या परंपरेतील ख्रिस्ती लोकांना या मिशनने आपल्या आवारात आसरा दिला. प्रस्तुत नोंद मुख्यतः त्या आश्रयकार्याविषयी आहे.

ज्यांच्यासाठी हे मिशन निघाले त्या समाजाच्या नावाविषयी मतभेद आहेत. मिशनरी त्यांना ‘नेस्टोरियन’ म्हणत. 431 च्या एफेसस येथील ख्रिस्ती धर्मपरिषदेने पदच्युत केलेल्या नेस्टोरियस या धर्माचार्यावरून विरोधकांनी दिलेले हे नाव ‘पूर्वेकडील चर्च’च्या, म्हणजे या लोकांच्या प्राचीन चर्चच्या, अनुयायांना कधीच पूर्णपणे रुचले नाही. ते स्वतःला ‘सुराये’ म्हणवत. ‘असिरियन’ हे नाव एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाले. प्राचीन असिरियाची राजधानी निनेव्हे हिच्या उत्खननांनंतर अँग्लिकन मिशनऱ्यांनी ते पसरवले, असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार ‘सुराया’ हा शब्दच ‘असुर’ या देशनामाचा आद्यस्वर गळालेला अवशेष आहे. तुर्कस्तानात चिनेकोय येथे सापडलेल्या लुवियन व फिनिशियन या दोन प्राचीन भाषांतील शिलालेखात एकाच देशाला एका पाठात ‘सुरा’ व दुसऱ्यात ‘अशुर’ म्हटले आहे. त्यामुळे शब्दाच्या व्युत्पत्तीपुरते दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. वांशिक सातत्याचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही. येथे ‘असिरियन’ हेच नाव वापरले आहे.

या चर्चचा पश्चिम भारताशी असलेला संबंध जुना आहे. सहाव्या शतकाच्या मध्यास कॉस्मस या ग्रीक व्यापारी-प्रवाशाने ‘कल्लियाना’ येथे पर्शियातून नेमलेला बिशप असल्याची नोंद केली. हे ठिकाण मलबार किनाऱ्यावर असावे, असे काही अभ्यासक मानतात. परंतु कॉस्मसने मलबारचा उल्लेख स्वतंत्रपणे केलेला असल्यामुळे ते ठाणे जिल्ह्यातील कल्याण असणे अधिक संभवनीय आहे. अर्वाचीन काळातील दुवा निराळा आहे. अमेरिकन बोर्ड या ज्या प्रॉटेस्टंट मिशनरी संस्थेने 1813 मध्ये मुंबईत मराठी मिशन सुरू केले, तिनेच जस्टिन पर्किन्स व डॉ. असाहेल ग्रँट यांना उर्मियाला पाठवले. दोन्हीकडची कार्यपद्धतीही सारखीच होती : शाळा, दवाखाना, छापखाना, नियतकालिक. अहमदनगरहून 1842 मध्ये ज्ञानोदय निघाले, तर उर्मियाहून 1849 मध्ये ‘प्रकाशकिरण’ या अर्थाच्या नावाचे सिरियाक मासिक. 1870 च्या सुमारास उर्मियाचे काम प्रेसबिटेरियन बोर्डाकडे गेले. पुढे तेथे अमेरिकन, फ्रेंच लाझारिस्ट (कॅथलिक), अँग्लिकन व रशियन ऑर्थोडॉक्स अशा चार मिशनांची स्पर्धा लागली, आणि कोणत्या मिशनकडे गेल्यास कोणत्या सत्तेचे संरक्षण मिळेल हा हिशेब गावोगाव होऊ लागला.

नोव्हेंबर 1914 मध्ये इराणने तटस्थता जाहीर केली, तरी उर्मियात रशियन फौज होती. जानेवारी 1915 च्या आरंभी ती अचानक माघारी गेली. आसपासच्या खेड्यांतील लोक बर्फातून शहराकडे धावले. अमेरिकन मिशनने लगतच्या वाड्यांच्या भिंतींना भगदाडे पाडून सलग आवार तयार केले, त्यावर अमेरिकेचा ध्वज लावला आणि येण्याजाण्यासाठी मोजकीच दारे ठेवली. आत सु. 15,000 माणसे होती. फ्रेंच मिशनमध्ये सु. 3,000. मिशनचे डॉक्टर हॅरी पॅकार्ड हे गिओगटापा गावी गेले, कुर्द सरदारांशी बोलणी केली आणि तेथे अडकलेल्या शेकडो लोकांना शहरात आणले. पॅकार्ड यांच्या दवाखान्याचा कुर्दांमधील लौकिक येथे कामी आला.

आश्रयाचा पाया धर्म नव्हे, तर ध्वज होता. अमेरिका तटस्थ होती, म्हणून तिचे आवार बव्हंशी टिकले. फ्रान्स ऑटोमनांचे शत्रुराष्ट्र होते, आणि फेब्रुवारीत फ्रेंच मिशनमधून पुरुषांना बाहेर नेऊन ठार करण्यात आले. अमेरिकन आवारात मरण आले ते रोगाने. रोज भाकरी वाटणे, खंडणीसाठी पैसा उभा करणे आणि प्रेते पुरणे हीच मिशनची मुख्य कामे होऊन बसली. दाटीमुळे आंत्रज्वर व हगवण पसरली. मे अखेर रशियन परतेपर्यंत सु. 4,000 लोक दगावले, असा मिशनचाच अंदाज आहे. मिशनरीही आजारी पडले व त्यांपैकी काही मरण पावले.

पैशाची व्यवस्था प्रथम स्थानिक उसनवारीवर व लहान निधींवर चालली. सप्टेंबर 1915 मध्ये न्यूयॉर्क येथे अमेरिकन बोर्डाचे जेम्स बार्टन यांच्या अध्यक्षतेखाली मदत समिती स्थापन झाली. तिलाच 1919 मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या सनदेने ‘निअर ईस्ट रिलीफ’ हे रूप मिळाले.

रशियन क्रांतीनंतर परिस्थिती पालटली. सीमेपलीकडील ऑटोमन प्रदेशातील हक्कारीच्या डोंगरांतून आलेल्या असिरियन टोळ्या सशस्त्र झाल्या. मिशनचे प्रमुख विल्यम शेड, ज्यांचा जन्मच उर्मियाचा, 1918 मध्ये अमेरिकेचे मानद उपवाणिज्यदूत झाले. मदतकार्य आणि राजकारण यांतील रेषा येथे पुसली गेली, हा त्यांच्यावरील आक्षेप निराधार म्हणता येत नाही. पूर्वेकडील चर्चचे सर्वोच्च धर्मगुरू मार शिमून बेन्यामिन यांची सिमको या कुर्द सरदाराने भेटीस बोलावून हत्या केली. तिची तारीख जुन्या (ज्यूलियन) पंचांगानुसार 3 मार्च, तर नव्या (ग्रेगोरियन) पंचांगानुसार 16 मार्च 1918 येते. ऑटोमन फौजा चालून आल्याने जुलैअखेर संपूर्ण समाज दक्षिणेकडे हमदानच्या दिशेने निघाला. निघालेल्यांची संख्या साधारणपणे 70,000 सांगितली जाते. शेड वाटेतच ऑगस्टमध्ये पटकीने वारले. वाचलेल्यांना ब्रिटिशांनी बगदादच्या ईशान्येस बाकुबा येथील तंबूंच्या छावणीत ठेवले. ही छावणी 1920 मध्ये बंद झाली.

या घटनांची उपलब्ध साधने बहुतांशी मिशनऱ्यांची पत्रे आहेत. ब्रिटिश सरकारने 1916 मध्ये प्रसिद्ध केलेल्या व आर्नल्ड टॉयन्बी यांनी संपादलेल्या दस्तऐवजांतही त्यांचाच भरणा असून, तो संग्रह युद्धकालीन प्रचाराच्या हेतूने निघाला होता. त्यांतील मूळ वृत्तान्त त्यामुळे खोटे ठरत नाहीत. मात्र 1918 मध्ये असिरियन तुकड्यांकडून मारल्या गेलेल्या उर्मियाच्या मुस्लिम रहिवाशांविषयी ही पत्रे फारच थोडे सांगतात. इराणी आठवणींत तो काळ हक्कारीतील जिलू टोळीच्या नावाने ओळखला जातो. युद्धानंतर मिशन पुन्हा उघडले, पण 1930 च्या दशकात इराण सरकारच्या आदेशाने मिशनऱ्यांना उर्मिया सोडावे लागले.