दोन ट्रान्सफॉर्मर आणि उपाशी थर्मोस्टॅट

घराचं तापमान सांभाळणारा जुना थर्मोस्टॅट काढून त्याच तारा नव्या स्मार्ट थर्मोस्टॅटला जोडल्या, तरी स्क्रीन काळीच. किंवा उन्हाळाभर सगळं सुरळीत आणि ऐन थंडीत थर्मोस्टॅट बंद. घर तापवायला बॉयलर आणि गार करायला वेगळा एसी असेल, तर नव्या यंत्राला दोष देण्याआधी विजेची परतीची वाट तपासावी.

उत्तर अमेरिकेतल्या घरांत ही वायरिंग साधारणपणे 24 व्होल्टवर चालते. ‘आर’ तारेतून ट्रान्सफॉर्मरची वीज येते. थर्मोस्टॅटने ती ‘डब्ल्यू’ला जोडली की हीटिंग सुरू, ‘वाय’ला जोडली की कूलिंग आणि ‘जी’ला जोडली की पंखा. म्हणजे जुना थर्मोस्टॅट हे नुसतं बटण. त्याला स्वतःला वीज लागायचीच असं नाही. स्मार्ट थर्मोस्टॅटला मात्र वाय-फाय आणि स्क्रीनसाठी ती सतत लागते, आणि आलेली वीज परत न्यायला ‘सी’ म्हणजे कॉमन तार लागते.

गोम इथेच आहे. बॉयलरचा ट्रान्सफॉर्मर वेगळा, एसीचा वेगळा. एकातून निघालेला विद्युतप्रवाह त्याच ट्रान्सफॉर्मरकडे परतला, तरच मंडल पूर्ण होतं. थर्मोस्टॅट वीज घेतोय ‘आर-एच’वरून, म्हणजे बॉयलरकडून, आणि ‘सी’ तार आली आहे एसीकडून, असं झालं की दोन्ही घरचा पाहुणा उपाशी! मल्टिमीटरने ‘आर-सी’ (एसीकडून येणारी ‘आर’) आणि ‘सी’ यांच्यात मोजा: जोडी बरोबर असेल तर 24 ते 28 व्होल्ट दिसतात. चुकीच्या जोडीत कधी कधी मधलाच एखादा आकडा थरथरत राहतो. डिजिटल मीटर नाममात्र प्रवाहालाही दाद देतो, म्हणून हा आभास होतो. त्यावर विसंबू नये. तारांच्या रंगांवर तर मुळीच नको, कारण बसवणाऱ्याच्या हाताला जी तार लागली ती त्याने जोडलेली असू शकते.

‘आर-एच’ आणि ‘आर-सी’ यांना जोडणारा छोटा जंपर एकाच ट्रान्सफॉर्मरच्या घरासाठी असतो. दोन असतील तर तो काढायचा. तो राहिला आणि दोन्हींचे कॉमनही कुठेतरी जुळलेले असले, तर दोन्ही ट्रान्सफॉर्मर समांतर जोडले जातात. त्यांच्या कला (फेज) उलट असल्या तर त्या वळशात 48 व्होल्टचा जोर लागतो आणि फ्यूज उडतो. फ्यूज नसेल तर ट्रान्सफॉर्मरच जळू शकतो. काही स्मार्ट थर्मोस्टॅट दोन्ही ‘आर’ आतूनच जोडतात. तिथे मध्ये आयसोलेशन रिले, म्हणजे एका मंडलाच्या विजेवर दुसरं मंडल चालू-बंद करणारा स्विच, बसवावा लागतो: रिलेची कॉइल एसीच्या विजेवर चालते आणि रिलेचे संपर्क बॉयलरच्या दोन तारा जोडतात. दोन्ही मंडलं अलग राहतात. ‘सी’विना जमेल असं सांगणाऱ्या जोडण्यांपेक्षा मला हा उपाय केव्हाही बरा वाटतो.

हात घालण्याआधी दोन्ही यंत्रणांचे ब्रेकर बंद करा. एक बंद केल्याने दुसऱ्याची वीज जात नाही. भिंतीतून जाड तारा निघाल्या तर तिथेच थांबा, त्या 120 किंवा 240 व्होल्टच्या असू शकतात.

ऐन थंडीत थर्मोस्टॅट बंद पडण्याचं कारण कधी अगदीच साधं असतं: ‘सी’ एसीची, आणि हिवाळ्यात एसी नको म्हणून कुणीतरी त्याचा ब्रेकर पाडलेला. दमट दिवसांत याचंच दुसरं रूप दिसतं. एसीच्या पाण्याची नळी तुंबते, ट्रेमधला फ्लोट वर येतो आणि त्याचा स्विच काही जोडण्यांत ‘आर’ची वीजच तोडतो. अशा वेळी थर्मोस्टॅट उघडून उपयोग नाही, नळी साफ करायला हवी.