सॉर्ट की सॉर्टेड? पायथनमधला ‘नन’ येतो कुठून

पायथनमध्ये लिस्ट क्रमाने लावायची तर ‘सॉर्ट आणि सॉर्टेड एकच, काहीही वापरा’ हे वाक्य क्लासच्या नोट्समध्ये अजून बिनदिक्कत छापलं जातं. मग पोरं रात्री अकराला विचारत बसतात, की लिस्ट गेली कुठे.

लिस्ट तुम्हाला येते, तेव्हा थेट मुद्दा. (सॉर्ट म्हणजे sort, सॉर्टेड म्हणजे sorted, नन म्हणजे None; टाइप इंग्रजीतच करा.) स्वारगेट ते कात्रज बसचे थांबे घ्या:

थांबे = ['स्वारगेट', 'पद्मावती', 'बालाजीनगर', 'कात्रज']
थांबे = थांबे.सॉर्ट()

दुसऱ्या ओळीने घात केला. सॉर्ट ही लिस्टची मेथड. ती त्याच लिस्टमध्ये जागच्या जागी क्रम लावते आणि परत देते ‘नन’, म्हणजे काहीच नाही. तो नन तुम्ही ‘थांबे’मध्ये भरलात. एरर मात्र इथे येत नाही. पुढे कुठेतरी थांबे[0] लिहिलं की ‘नन-टाइप’च्या नावाने बोंब होते, आणि माणूस चुकीची ओळ तपासत बसतो. नुसतं थांबे.सॉर्ट() लिहा, डावीकडे काही नको.

सॉर्टेड हे बिल्ट-इन फंक्शन. ते मूळ लिस्टला हात न लावता नवी लिस्ट देतं, म्हणून इथे डावीकडे नाव हवंच. सॉर्टेड(थांबे) एवढंच लिहिलंत तर एरर नाही, परिणामही नाही. शेलमध्ये, म्हणजे ओळ टाइप करताच चालवणाऱ्या खिडकीत, तर उत्तर छापून येतं, त्यामुळे लिस्ट बदलली असंच वाटतं. (वरचे थांबे कात्रज, पद्मावती, बालाजीनगर, स्वारगेट असे लागतात; ही परतीची फेरी नव्हे, नुसता वर्णानुक्रम. उलटं करणारी मेथड रिव्हर्स.)

दुसरी मेख: जुने = थांबे लिहिल्याने प्रत होत नाही, एकाच लिस्टला दोन नावं पडतात. थांबे.सॉर्ट() केलंत की ‘जुने’ही बदललं, बसमार्गाचा क्रम कायमचा गेला. म्हणून नवख्यांनी सॉर्टेडच वापरावं, हे माझं ठाम मत. लिस्ट प्रचंड असेल आणि जुना क्रम नकोच असेल, तर सॉर्ट. दुसऱ्या लिस्टची मेमरी वाचते.

‘की’ (key, क्रम कशावरून लावायचा ते) आणि ‘रिव्हर्स’ (उलटा क्रम) हे पर्याय दोन्हीकडे सारखेच. टपल, स्ट्रिंग, डिक्शनरी फक्त सॉर्टेडला चालतात. डिक्शनरी दिलीत तर नुसत्या कीज (नोंदींची नावं) मिळतात, किंमती नाहीत. इनपुटने घेतलेले आकडे स्ट्रिंग असतात, म्हणून '10' हा '9'च्या आधी लागतो; की=इंट (key=int) द्या, म्हणजे आकडे समजून क्रम लागतो.

मराठी नावांना मात्र दोन्ही सारखेच दगा देतात. पायथन अक्षरांचा क्रम युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला आकडा देणाऱ्या यादीच्या, आधाराने लावतो आणि तिथे ‘ळ’ हा ‘ल’ला चिकटून आहे, आपल्या वर्णमालेत ‘ह’नंतर. त्यामुळे माळवाडी मावळच्या आधी येते. तिथे स्वतःचं की फंक्शन लिहावं लागतं.